रिकामी निळी गाडी

भाऊनं चहाचा कप कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर असा काही ठेवला, की वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, लगेच कळलं: आज हा माणूस घरूनच ठरवून आलाय.

"संध्याकाळी पुलापलीकडच्यांचा फोन येईल," तो म्हणाला. "मी हो म्हणणार."

पुलापलीकडची मोठी लाँड्री यांच्या धुलाईच्या भट्टीवर टपली होती, हे घरात कुणालाच नवीन नव्हतं. गेला महिनाभर ती गोष्ट मांजरासारखी सगळ्यांच्या पायांत घोटाळत होती. दिसायची सगळ्यांना, हाकलायला कुणी उठत नव्हतं. त्यांना यंत्रं नको होती आणि माणसंही नको होती. हवी होती फक्त गिऱ्हाइकं. भट्टीला कुलूप लागणार, हे त्यांनी वर साखर पेरून का होईना, पण सांगून टाकलं होतं.

भट्टी हे नाव तरी आता सवयीपुरतंच उरलेलं. जुनी लाकडं जाळायची भट्टी विझून किती काळ लोटला, तिच्या जागी वाफेचा बॉयलर आला, फिरती यंत्रं आली, चादरी गिळून दुसऱ्या बाजूनं कडक इस्त्री करून बाहेर टाकणारा गरम रोलर आला. सगळं धुऊन निघालं, नाव तेवढं निघालं नाही.

"हो म्हणणार म्हणजे?" बॉयलरशेजारच्या स्टुलावरून अप्पा गरजले. "मी काय मेलोय?"

"जिवंत आहात म्हणून तर विचारतोय, अप्पा."

"विचारत नाहीयेस. सांगतोयस."

"बापलेकांनो, जरा हळू," खिडकीपाशी रफूला बसलेली आत्या म्हणाली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, भट्टीतल्या तमाम फाटक्या कापडांची आई. "तुमच्या आवाजानं माझी सुई हलते आणि दोरा बाहेर जातो."

"पेशंटचं विसरलात का सगळे?" भाऊ म्हणाला.

ते कोण विसरणार! हॉटेलचे टेबलक्लॉथ हिरवे आणि दवाखान्याच्या शस्त्रक्रियेच्या चादरीही हिरव्या. रोलरपुढच्या ढिगात दोन्ही एकमेकांत गेले आणि हॉटेलातल्या मोठ्या मेजवानीत एका टेबलावर मधोमध गोल भोक असलेली चादर अंथरली गेली. नशीब असं, की त्या टेबलावर नेमके एक सर्जन बसले होते. त्यांनी भोकात बोट घातलं आणि वाढप्याला गंभीरपणे विचारलं, "पेशंट कुठाय?" सगळं हॉटेल हसलं. हसणं ओसरल्यावर हॉटेलनं भट्टीचं काम काढून घेतलं.

"आज दुसरा दवाखाना आहे, भाऊ," चिमणी म्हणाली. "आज चाचणी आहे. आज हो-नाही कसलं करतोस? आधी दिवस तर बघ."

चिमणी ही घरातली धाकटी लेक, भाऊची बहीण. नाव चिमणी, अंगापिंडानं भक्कम, आणि बोलायला लागली की बॉयलरची शिट्टी ऐकू येऊ नये. लोकांच्या कारखान्यांत जाऊन त्यांच्या कामाची घडी बसवून द्यायची, हा तिचा धंदा. बिस्किटवाल्यांकडं जाई, गाद्यावाल्यांकडं जाई. हॉटेल गेल्याचं ऐकलं आणि ती बॅग घेऊन माहेरी थडकली. आल्या आल्या जाळीच्या जुन्या ढकलगाड्या शोधून काढल्या, निळ्या रंगवल्या आणि धुलाई आणि रोलर यांच्या मधे उभ्या केल्या. आज ती नव्या दवाखान्याचं काम त्या गाड्यांवर पेलून दाखवणार होती. तिथल्या मुख्य नर्सनं, मेट्रनबाईंनी, बजावलं होतं, सकाळी दिलेलं सगळं संध्याकाळची पाळी बदलायच्या आत परत हवं, फाटलेलं शिवून हवं, आणि एका वॉर्डाचा नग दुसऱ्या वॉर्डात गेला तर पुन्हा तोंड दाखवू नका.

"निळ्या रंगानं भट्टी वाचते होय?" भाऊ म्हणाला. "बिस्किटं आणि चादरी एकच का गं?"

"अडतात सारख्याच!"

"बरं. आज जमलं तर फोनवर नाही म्हणेन. नाही जमलं, तर परत कुणी माझ्यापुढं गाडी आणायची नाही."

एवढं बोलून त्यानं वहिनीकडं पाहिलं. चिमणीनंही पाहिलं. अप्पा पाहत नव्हते, पण त्यांचे कान इकडंच होते. एकाच चादरीची टोकं चौघांनी चार दिशांना ओढावीत आणि मधली वीण आपण असावं, तसं वहिनीला झालं.

"माझा रोलर तापलाय," ती म्हणाली आणि उठून गेली.

खरं म्हणजे तिनं नवऱ्याला शब्द दिला होता. रात्री तिचे तळवे हातात घेऊन तो त्यावरचे चटके मोजल्यासारखा बघत बसायचा. "तुझ्यासाठी विकतोय गं," म्हणायचा. "तुझी पाठ बघवत नाही मला." इतक्या मायेनं बोलणाऱ्या माणसाला काय उलट बोलणार? तिनं मान डोलावली होती. पण या रोलरपाशी ती नवी नवरी म्हणून उभी राहिली होती. इथल्या वाफेत तिचं नवेपण विरघळलं आणि इथंच ती या घराची झाली. भट्टीला कुलूप लागलं, तर तिच्या निम्म्या जन्माची किल्ली हरवणार होती, आणि हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं.

दवाखान्याची बोचकी आली तशी भट्टी खडबडून जागी झाली. यंत्रं घुमू लागली, काचांवर वाफ चढली.

चिमणीचा नियम एका वाक्याचा होता. रोलरपाशी निळी गाडी रिकामी झाली, की ती धुलाईकडं परत जायची. ती पोचली, की अप्पांनी ती भरायची, एका गाडीत एकाच वॉर्डाचं. आणि रिकामी आली नाही, तर अप्पांनी गप्प बसायचं.

अप्पांना भरणं जमत होतं. गप्प बसणं जमत नव्हतं.

"ओलं कापड आणि रागावलेलं माणूस, अडवून ठेवू नये!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. उभ्या हयातीत त्यांनी यंत्रातून निघालेलं कापड क्षणभर थांबू दिलं नव्हतं. निघालं की ढकललं पुढं. पुढं रोलरपाशी डोंगर होतोय, डोंगरात हिरवं हिरव्यात मिसळतंय, सून डोंगराखाली गाडली जातेय, ते त्यांना यंत्रांआड दिसतच नसे. भट्टीतल्या प्रत्येक चुकीचं मूळ त्या एका वाक्यात होतं, आणि ते वाक्य भिंतीवर रंगवून घ्यायचं त्यांच्या मनात होतं!

"चिमणे, हे यंत्र थांबलं. कापड आत कुजेल."

"घटकाभरात कापड कुजत नाही, अप्पा. तुमचा चहा थंड होतोय, तो प्या."

"मला कामाच्या वेळी चहा पाजतेस? बापाला?"

"तुम्ही थांबलात की वहिनी पळतात. तुम्ही पळालात की वहिनी बुडतात. सांगा, काय हवं?"

अप्पांनी चहा घेतला, पण असा, की जणू कडू काढा.

इकडं वहिनीला मात्र काहीतरी वेगळंच वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. हात तेच, रोलर तोच, वाफ तीच. मग तिच्या ध्यानात आलं: तिला पलीकडची खिडकी दिसत होती. ढिगापायी ती खिडकी आजवर दिसलीच नव्हती. गाडी यायची, ती रिकामी व्हायची, गाडी जायची, आणि मधल्या श्वासाएवढ्या फटीत उजेडाची तिरीप थेट तिच्या हातांवर पडायची.

तिनं चिमणीला हाक मारली, "वन्सं, धरा टोकं!" आणि रोलरमधून निघालेल्या मोठ्या चादरीची दोन टोकं तिच्याकडं फेकली. दोघी लांब झाल्या, जवळ आल्या, घडी पडली. पुन्हा लांब, पुन्हा जवळ. आणि तिच्या तोंडून ते गाणं आपोआप निघालं. घडीच्या टेबलाचं गाणंच ते. पहिली ओळ ठरलेली, दुसरी ज्याची त्यानं जागेवर जुळवायची:

*चार टोकांची चादर, दोन तुझी दोन माझी*
*नणंद ओढते जोरात, म्हणे जिंकली मी बाजी!*

"मी ओढते?" चिमणी ओरडली. "घ्या मग!

*चार टोकांची चादर, दोन तुझी दोन माझी*
*वहिनी बघते भावाला, मग कुठं होते राजी!*"

आत्या सुई धरूनच हसली. वहिनीही हसली, पण ती ओळ तिला लागली. वन्संना सगळं दिसतं, तिच्या मनात आलं. नवऱ्याला दिलेला शब्दसुद्धा.

दुपार कलली, तसा आत्याच्या खिडकीपाशी सूर बिघडला.

दवाखान्यानं देताना हात आखडला नव्हता. नीट कापड दिलं होतं, फाटकंही सढळ हातानं दिलं होतं. चिमणीनं रोलरपाशी जे केलं, तेच हुबेहूब इथं मांडलं होतं: एक निळी गाडी, रिकामी झाली की परत. पण गाडी रिकामी होईचना. वर उसवलेले बंद, खिशांची टोकं, असलं किरकोळ. आणि तळाशी उभी फाटलेली एक लांबलचक चादर. आत्या त्या चादरीत अडकली, गाडी परत जाईना, आणि तिच्यामागं सगळी भट्टी अडकली.

"मी काही यंत्र नाही," आत्या म्हणाली. "ही चादर फाटली नाहीये. हिनं घटस्फोट घेतलाय."

"पण हा साचा सगळीकडं चालतो, आत्या! गाद्यावाल्यांकडं चालला, इथं रोलरला चालला..."

"मग गाद्यावाल्यांना बोलाव शिवायला."

भाऊ नेमका तेव्हाच आला. टेम्पोत माल चढवायला माणूस सांगून तो आत डोकावला आणि अडलेली गाडी बघून थांबला. त्यानं घड्याळाकडं पाहिलं. अप्पा तर वाटच बघत होते. "मी म्हणत होतो! थांबवलंत, आता भोगा! ढकला तिकडं, फाटकं तर फाटकं!" आणि चिमणी, जिला शब्द कधी कमी पडले नाहीत, ती निळ्या गाडीची दांडी धरून गप्प उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

वहिनीनं रोलर बंद केला.

कामाच्या भर दिवसात तो बंद झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळं सगळ्यांनी माना वळवल्या.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही गाण्याची पहिलीच ओळ दोनदा म्हणताय."

"म्हणजे?"

"पहिली ओळ खरीच आहे. रिकामी आल्याशिवाय भरायची नाही. ती इथंही ठेवा. पण दुसरी ओळ इथली हवी. माझ्या रोलरला सगळ्या चादरी सारख्या. आत जाते, बाहेर येते. आत्याबाईंच्या सुईला नाही. त्यांना एक टाका डोळे मिचकावण्यात होतो आणि एक दुपार खातो. एकाच रांगेत मुंगी आणि हत्ती उभे केलेत तुम्ही. हत्ती दारात बसला, की मुंगी काय करणार?"

चिमणीनं कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात, की आत्या दचकली. "दोन गाड्या! मुंगीची वेगळी, हत्तीची वेगळी!"

"आणि हत्तीला दुसरी सुई," वहिनी म्हणाली. "तुम्हाला लहानपणी आत्याबाईंनी रफू शिकवलंय ना? बसा खाली."

"मी? मी कामाची घडी बसवते, वहिनी, मी..."

"आता स्वतः बसा."

आत्यानं खिडकीपाशी जागा केली आणि दुसरी सुई पुढं केली. "ये गं चिमणे. गाद्यावाल्यांपेक्षा टाके सरळ घाल म्हणजे झालं."

आणि काय सांगावं! गाठ नेमक्या टोकाशी ओढली की सारा दोरा सर्रकन सुटतो, तशी ती दुपार सुटली. मुंग्यांची गाडी झरझर रिकामी होऊ लागली, ती धुलाईकडं पळाली, अप्पांनी भरली, रोलरकडं पळाली. हत्तीची गाडी आपल्या चालीनं डुलत राहिली आणि तिची वाट कुणी अडवली नाही. वहिनीच्या अंगात वारं शिरलं होतं. आता तिला जिथं तिथं तेच दिसू लागलं. घड्यांच्या टेबलावर दिसलं, बोचकी बांधायच्या कोपऱ्यात दिसलं, घरच्या स्वयंपाकघरातसुद्धा! इतकी वर्षं आपण प्रत्येक अडचणीला नवी समजून तिच्याशी पहिल्यापासून भांडत होतो, आणि निम्म्या अडचणी सख्ख्या बहिणी निघाल्या. चेहरेपट्टी एकच, फक्त लुगडं वेगळं. एकीचा स्वभाव कळला, की दुसरीशी कसं बोलायचं ते अर्धं कळलंच. उरलेलं अर्धं तिच्यापाशी बसून शिकायचं.

"बोचकी बांधणाऱ्यांनाही असंच करूया?" ती म्हणाली. "पण तिथं वॉर्डाप्रमाणं."

"वहिनी," चिमणी दात आणि सुई यांच्यामधून म्हणाली, "माझा धंदा खाऊ नका."

भाऊ अजून दारातच होता. त्यानं बायकोकडं पाहिलं. बायको इतकी हसतेय, इतकी लाल झालीये, आणि कंबरेवर हात ठेवलेला नाही, हे बहुधा त्याला एकदमच दिसलं. पण तो माघार घेणाऱ्यांतला नव्हता. "इथलं झालं," तो म्हणाला. "तिथं पोचवायचं राहिलंय. खरी कुस्ती तिथं." आणि तोंडाचा चंबू करून टेम्पोत बसला.

सगळा माल निळ्या गाड्यांसकट गेल्यावर भट्टी एकदम शांत झाली. आपण जिंकलो की हरलो, ते इथं कळणार नव्हतं. ते तिकडं, त्या दवाखान्याच्या मागच्या दारात ठरणार होतं. चिमणी टाके मोडत आणि परत घालत बसली. अप्पा स्टुलावरून उठले, बसले, उठले. वहिनीनं स्वच्छ टेबल पुन्हा पुसलं.

फोन वाजला.

"पुलापलीकडचे असतील," आत्या पुटपुटली.

वहिनीनं उचलला. तिकडून भाऊचा आवाज, मागं चाकांचा खडखडाट, माणसांचा कालवा.

"अगं, ऐक! ऐकतेयस का?"

"ऐकतेय. काय झालं? परत केलं का त्यांनी?"

"अगं, इथं मागच्या दाराशी ही गर्दी! आमचा माल, औषधवाल्यांचा माल, जेवणवाल्यांच्या गाड्या, सगळे एका लिफ्टपुढं. जो तो ढकलतोय. वर वॉर्डात ठेवायला जागा नाही म्हणून नर्सबाई खाली परत पाठवतायत, खालचे परत वर पाठवतायत. मेट्रनबाई कपाळाला हात लावून उभ्या. म्हटलं, गेलं सगळं."

"मग?"

"मग मी म्हटलं, बाई, तुमच्या ज्या वॉर्डातली रिकामी गाडी खाली येईल, त्या वॉर्डाचंच वर चढवतो. तोवर मी इथं शांत उभा राहतो. आणि राहिलो गं! मी! हलेनाच. पण नुसतं तेवढ्यानं भागत नव्हतं. औषधाला थांबवता येत नाही ना. मग म्हटलं, औषधवाल्याला आधी जाऊ द्या, कायम, रांगेबाहेर. आणि सुटलं! अगं, पाण्यासारखं सुटलं! औषधवाला माझ्या पाठीवर थाप मारून गेला!"

वहिनीनं तोंडावर पदर दाबला.

"हसतेयस?"

"नाही हो. दुसरी ओळ छान जुळवलीत."

"कसली ओळ?"

"घरी या, सांगते. मेट्रनबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, उद्या सकाळी बोचकी तयार ठेवते. आणि म्हणाल्या, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या घरात असंच चालतं."

फोन ठेवून तिनं सांगितलं, तेव्हा चिमणीनं आत्याला सुईसकट मिठी मारली. "टोचेल गं टोचेल!" आत्या ओरडत राहिली. अप्पा नुसतेच म्हणाले, "हं." पण ते "हं" बरंच लांबलं.

भाऊ परतला तेव्हा उन्हं खिडकीतून थेट टेबलावर आली होती. रिकाम्या निळ्या गाड्या ढकलत तो स्वतः आत आला, एकामागून एक, आगगाडीसारख्या. आणि तेवढ्यात फोन परत वाजला. या वेळी कुणाला शंका नव्हती.

त्यानं फोनवर हात ठेवला, पण उचलला नाही. वहिनीकडं वळला.

"काय सांगू?" त्यानं हळूच विचारलं. "मेट्रन रोज काम देईल. पण तू रोज इथं उभी राहशील. तुझी पाठ... मी तुझ्यासाठी म्हणत होतो."

फोन वाजत होता. सकाळसारखीच सगळी टोकं पुन्हा तिच्याकडं आली होती. या वेळी तिनं ती धरली.

"मला रोलर कधीच दुखला नाही हो," ती म्हणाली. "मला ढीग दुखायचा. मी तुम्हाला मान डोलावली, कारण मलाही वाटायचं, ढीग म्हणजेच भट्टी. आज ढीग गेला. भट्टी राहू दे."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलताना रिकामे झालात कधी? तुमचंच पुढं ढकलत होतात."

चिमणी फिस्सकन हसली. भाऊनं बहिणीकडं डोळे वटारले, मग स्वतःच हसला आणि फोन उचलला. "नमस्कार. हो, मीच. नाही... नाही, विकायची नाही. काय? अहो, किमतीचा प्रश्नच नाही. घरात विचारलं. हो, आज पहिल्यांदाच विचारलं." आणि ठेवून दिला.

मग सगळ्यांचं लक्ष अप्पांकडं गेलं. म्हातारा बॉयलरपाशी पाठ करून उभा होता. भाऊनं परत येताना दवाखान्यातून आणलेलं एक आगाऊ बोचकं त्यांच्यासमोर होतं, उद्याचा पहिला घास. हात त्यावर ठेवलेला. ब्रीदवाक्य ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसत होतं.

वहिनीनं एक रिकामी गाडी घेतली आणि सावकाश ढकलत त्यांच्यापर्यंत नेली. पुढच्या चाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. त्यांच्यासमोर तिनं ती उभी केली.

अप्पांनी गाडीकडं पाहिलं. सुनेकडं पाहिलं. घसा खाकरला. या भट्टीत आयुष्य काढलं, पण बायकांच्या त्या गाण्यात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. आता मात्र बॉयलरच्या वाफेसारखा जाडाभरडा सूर निघाला:

*चार टोकांची चादर, दोन तुझी दोन माझी*
*रिकामी येऊ दे गाडी, मग भरायला मी राजी!*

"अप्पा!" चिमणी किंचाळली.

"ओरडू नकोस," अप्पा बोचक्यातली चादर उपसत म्हणाले. "सूनबाई, धर टोक."